लढाईच्या दिवसांतला संप: पणजीच्या खाणावळीची वही

साळुंकी | ४ मार्च, रात्री १०.१२

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजीची वही हाती लागली. पणजी खाणावळ चालवायची. तीसेक गडी जेवायला असायचे, बहुतेक सातारा-कऱ्हाडकडचे, सगळे गिरणीतले. पणजीला अक्षरओळख नव्हती. हिशेब आजोबा लिहायचे, तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. एका गड्याला एक पान. वर नाव, खाली गाव, त्याखाली खातं: साचेखाता (विणाई), त्रासनखाता (सूतकताई), रंगखाता. मग महिन्यागणिक रकाने.

१९४०च्या फेब्रुवारीपर्यंत रकाने भरलेले आहेत. मार्चच्या रकान्यात आकडाच नाही, टाकाने एकच शब्द लिहिलाय, "संप". एप्रिलला "अर्धा संप". अशी एकोणतीस पानं. मी ती उलटत बसले आणि आवराआवर तशीच राहिली.

ज्यांना हा संप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, इथल्या कुणालाही न विचारता. महिन्याभरात, २ ऑक्टोबरला, मुंबईत सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवस काम बंद ठेवलं. तोवर धान्य, कापड, रॉकेल सगळं चढायला लागलं होतं. गिरण्यांना मागणी वाढली होती, मजुरी मात्र होती तिथेच. कामगारांनी महागाई भत्ता मागितला. न्यायमूर्ती रांगणेकरांचं समेट मंडळ बसलं, पण त्यातून मिळत होतं ते मागणीच्या मानाने फार थोडं होतं. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात गिरणी कामगार युनियनने, म्हणजे लाल बावट्याने, संप पुकारला आणि दीड लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. तिचे कम्युनिस्ट पुढारी डांगे, रणदिवे, मिरजकर तुरुंगात गेले. तरी संप चाळीस दिवस टिकला. होळी त्यातच गेली आणि पाडवाही. १३ एप्रिलला तो मागे घ्यावा लागला, मागणी पदरात न पडताच.

आजोबा सांगायचे की त्या दिवसांत गडी दिवसातून एकदाच जेवायला येत. पणजी कुणाला नाही म्हणाली नाही, पण आमटी रोज पातळ होत गेली. काही जण गावाला निघून गेले. ज्यांच्याकडे एसटीचे, चुकले, तेव्हा एसटी कुठली, बोटीचे किंवा आगगाडीचे पैसे नव्हते ते राहिले.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. देश लढाईत असताना संप करावा का? घरात यावर कधी कुणी बोललंच नाही. संप केला हे अभिमानाने सांगितलं जायचं, तो लढाईत केला हे कुणाच्या तोंडी नसायचं. तुमच्याकडे काय आठवणी आहेत, काय मतं आहेत, सगळं लिहा.

निवृत्त_फिटर | ४ मार्च, रात्री ११.३०

ताई, वहीचं वर्णन वाचून भरून आलं. पण तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे. करू नये.

मी ३४ वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, माझे वडील माझ्याआधी तिथेच होते. १९७१ला डिसेंबरात ते घरी फक्त झोपायला येत. आई डबा देऊन मला फाटकावर पाठवायची, मी नऊ वर्षांचा होतो. अंधार पडला की खिडक्यांना काळे कागद, आणि वडिलांच्या हाताला त्या पितळेचा वास. सुट्टी मागावी असं कुणाच्या मनात आलं नाही. आपण एक पेटी कमी भरली तर तिकडे खंदकात कुणाच्या तरी हातात ती नसणार, हे त्या लोकांना कुणी शिकवायला लागत नव्हतं. युनियन होती, मागण्याही होत्या, त्या बाजूला ठेवल्या गेल्या.

१९६२लाही तसंच झालं होतं. चीनने हल्ला केला आणि ३ नोव्हेंबरला मालक आणि कामगार या दोघांच्या देशपातळीवरच्या संघटनांनी मिळून औद्योगिक शांततेचा ठराव केला. उत्पादन थांबू द्यायचं नाही, तंटा लवादाने सोडवायचा. कामगारांनी एकेका दिवसाचा पगार संरक्षण निधीला दिला. कम्युनिस्ट, सोशालिस्ट, काँग्रेसवाले, सगळे त्यात होते.

१९४० वेगळं असेल, ती इंग्रजांची लढाई होती. पण आपली लढाई असेल तर संप नाही.

केंटकर | ५ मार्च, पहाटे ३.०५

इथे इंग्लंडात तुमच्यापेक्षा घड्याळ साडेपाच तास मागे आहे, म्हणून उशिरा लिहितोय असं समजू नका.

निवृत्त_फिटर, तुमच्या "आपली लढाई" या शब्दांवरूनच हे लिहावंसं वाटलं. मी राहतो तिथून तासाभरावर डील नावाचं गाव आहे, त्याच्याजवळ बेट्सहँगरची कोळसा खाण होती. १९८९ला बंद झाली. आता तिथे बाग आणि खाणकामाचं संग्रहालय आहे, मुलांना घेऊन आम्ही जातो.

१९४०मध्ये ब्रिटिश सरकारने १३०५ क्रमांकाचा हुकूम काढून संप बेकायदा ठरवले. मजूरमंत्री होता अर्नेस्ट बेव्हिन, स्वतः आयुष्यभर कामगार संघटना बांधलेला माणूस. जानेवारी १९४२मध्ये बेट्सहँगरच्या खाणीत नव्या थराच्या कामाच्या दरावरून तंटा झाला. थर बुटका आणि अवघड, ठरलेला कोळसा त्यातून निघत नव्हता, आणि लवादाने दिलेला दर हातावर पोट असलेल्याला परवडणारा नव्हता. खाणकामगार बाहेर पडले. ही तर त्यांचीच लढाई होती, हिटलर खाडीपलीकडे वीस-पंचवीस मैलांवर बसला होता.

सरकारने हजारावर खाणकामगारांवर खटले भरले. युनियनच्या तिघा पदाधिकाऱ्यांना तुरुंगवास, बाकीच्यांना दंड. आणि मग सगळं अडलं. समेट करायचा तर सही करणारे तिघं तुरुंगात. शेवटी खाणखात्याचा मंत्री मेडस्टनच्या तुरुंगात गेला आणि तिथे बसून करार झाला, बराचसा कामगारांच्या बाजूने. थोड्याच दिवसांत गृहमंत्र्याने तिघांना सोडलं. दंड ठोठावलेल्या हजारभर लोकांपैकी महिने उलटले तरी नऊ जणांनीच पैसे भरले होते. बाकीच्यांना आत टाकायचं तर खाणीत उतरणार कोण?

संग्रहालयात ही हकीकत वाचताना मला एक गोष्ट ठळक जाणवली. त्या लोकांना देशद्रोही म्हणणारे तेव्हा खूप होते. पण दर मान्य झाल्यावर तेच लोक खाली उतरले आणि कोळसा काढला. लढाई हरावी म्हणून कुणी संप केला नव्हता. पोराबाळांना खायला घालता येईल एवढा दर मिळावा, यासाठी केला होता.

सनावळी | ५ मार्च, सकाळी ९.४०

धागा उत्तम. मी कामगार कायदा शिकवतो, तेव्हा थोडं लांबेल.

साळुंकी यांनी १९४० सांगितलं. त्यानंतर दोन वर्षांनी जे झालं ते आजही आपल्याबरोबर आहे. जानेवारी १९४२मध्ये भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम घातला गेला. सरकारला वाटलं तर संपावर बंदी घालता येईल, तंटा लवादाकडे पाठवता येईल आणि लवादाचा निवाडा दोन्ही बाजूंवर लादता येईल. ऑगस्ट १९४२मध्ये त्याखाली हुकूम निघाला की चौदा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय संप करायचा नाही, आणि तंटा समेटाकडे किंवा लवादाकडे गेला की ते काम चालू असेपर्यंत आणि नंतरही दोन महिने संप करायचा नाही.

हे लढाईपुरतं होतं. जपान शरण आला ऑगस्ट १९४५मध्ये. नियम ८१-अ ऑक्टोबर १९४६मध्ये आपोआप संपणार होता. तो संपू दिला नाही, अध्यादेश काढून आणखी सहा महिने जिवंत ठेवला. का? तर नवा कायदा तयार होईपर्यंत खंड पडू नये म्हणून. ती मुदत ३१ मार्च १९४७ला संपली आणि १ एप्रिल १९४७ला औद्योगिक विवाद कायदा लागू झाला. एका दिवसाचीही फट राहिली नाही. ८१-अचा गाभा त्या कायद्यात उतरवला आहे हे विधेयक मांडणाऱ्यांनीच तेव्हा लिहून ठेवलं आहे, माझं ते अनुमान नाही. वर्गात मी ही तारखांची जोडी फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही.

म्हणून माझ्या लेखी "लढाईत संप करावा का" याच्या इतकाच मोठा दुसरा प्रश्न आहे. लढाईसाठी सोडलेला हक्क लढाईनंतर परत मिळतो का?

ओवी_ग | ५ मार्च, सकाळी १०.२२

सनावळी, छान माहिती, पण एक दुरुस्ती. चौदा दिवसांची नोटीस १९४२मध्ये जन्मली नाही. १९२९च्या ट्रेड डिस्प्युट्स अ‍ॅक्टमध्ये ती होतीच, रेल्वे, टपाल, पाणीपुरवठा अशा लोकोपयोगी सेवांसाठी. आणि आपल्या मुंबई प्रांताचा १९३८चा कायदा तर लढाईआधीचा. समेटाच्या पायऱ्या चढल्याशिवाय संप केला तर तुरुंग, हे काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने आणलं होतं. त्याच्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एकत्र रस्त्यावर आले होते. विधिमंडळात बाबासाहेब म्हणाले होते की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव.

सनावळी | ५ मार्च, सकाळी ११.०५

ओवी, दुरुस्ती मान्य, माझी वाक्यं सैल होती. नीट मांडायचं तर असं. नोटीस १९२९ला फक्त लोकोपयोगी सेवांना होती. १९४२ने ती सगळ्यांना लावली. १९४७ने नोटीस पुन्हा लोकोपयोगी सेवांपुरती आणली, पण लवाद चालू असताना संपबंदी सगळ्यांसाठी ठेवली. आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत चौदा दिवसांची नोटीस पुन्हा सगळ्या उद्योगांना आली. म्हणजे १९४२चा युद्धकालीन नियम ७८ वर्षांनी, शांततेच्या काळात, पूर्ण रूपात परतला.

बाबासाहेबांचा उल्लेख केलात तर पुढचं पान टाळता येत नाही. जुलै १९४२मध्ये तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ८१-अ राबवणारं खातं त्यांच्याकडे आलं. मी याकडे कसा पाहतो ते सांगतो. नाझी जिंकले तर माणसाला माणूस म्हणायचीच सोय राहणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्याच वेळी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्याच काळात उभी राहिली. पण १९४३ला कोळसा कमी पडतो म्हणून बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवायची बंदी उठवली गेली, तीही त्याच काळात. ती परत लागू व्हायला १९४६ उजाडलं. धनबादच्या खाणीत ते स्वतः उतरून आले होते. लढाई माणसाला कुठल्या कात्रीत धरते याचं याहून मोठं उदाहरण माझ्यापाशी नाही.

सेवादलवाला | ५ मार्च, दुपारी १.१५

तुम्ही १९४२पर्यंत आलात आणि ऑगस्टचं नाव कुणी घेत नाही, म्हणून लिहितो.

९ ऑगस्टला गांधीजींना पकडलं. अहमदाबादच्या गिरण्या साडेतीन महिने बंद राहिल्या. साडेतीन महिने! जमशेदपूरला पोलादाच्या कारखान्यातले कामगार १३ दिवस बाहेर होते आणि त्यांची पगाराची मागणीच नव्हती, राष्ट्रीय सरकार आल्याशिवाय कामावर जाणार नाही म्हणाले. मुंबईत, जिथे सगळ्यांत बळकट युनियन, तिथे मात्र काही दिवसांत भोंगे पुन्हा सुरू. कारण जून १९४१मध्ये हिटलर रशियात घुसला आणि त्या वर्षाच्या अखेरीला कम्युनिस्ट पक्षाने ठरवलं की हे आता लोकयुद्ध आहे, उत्पादन थांबता कामा नये. १९४०ला जी लढाई साम्राज्यवादी होती ती दोन वर्षांत लोकांची झाली.

माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ एकाच खोलीत राहत, एकाच गिरणीत. आजोबा भूमिगत पत्रकं वाटायचे, थोरले लाल बावट्याचे. त्या ऑगस्टपासून आजी दोघांना वेगवेगळ्या वेळी ताट वाढायची. हे तीन वर्षं चाललं. शेवटपर्यंत आजोबा म्हणायचे, दादा वाईट नव्हता, पण त्या महिन्यात तो कामावर गेला.

तिसरी_पाळी | ५ मार्च, संध्याकाळी ७.५०

सेवादलवाला, तुमच्या आजीच्या ताटांबद्दल वाचून काही वेळ लिहवेना.

मी दुसऱ्या बाजूच्या घरातला. लोकयुद्धाच्या भूमिकेने गिरणगावात आमचं फार नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. १९४२ला लोक जेलमध्ये जात असताना "कामावर चला" म्हणणं किती जड गेलं असेल. पण एवढं एकच चित्र डोळ्यांसमोर ठेवू नका. अहमदाबादच्या त्या लांबलेल्या बंदमागे मालकांचीही मूक संमती होती, मजूर महाजनचे, म्हणजे गांधीजींच्या विचाराने चालणाऱ्या तिथल्या युनियनचे, कामगार गावी निघून गेले होते. मुंबईत तसं नव्हतं, इथल्या माणसाला चार दिवस पगार बुडाला की व्याजाच्या वसुलीला पठाण दारात. आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबरला सरकार युद्धप्रचारासाठी महिन्याला १३,००० रुपये देत होतं, ती गोष्ट वेगळी आणि ही वेगळी. आमच्या लोकांनी त्या वर्षांत रेशनसाठी, काळाबाजाराविरुद्ध, भत्त्यासाठी गेटवर सभा घेतल्या. बंगालमध्ये १९४३ला माणसं भुकेने मरत होती, मुंबईत ती वेळ येऊ नये म्हणून चाळीचाळींत बायकांच्या समित्या होत्या. पार्वतीबाई भोरांसारख्या बायका त्यातूनच पुढे आल्या.

संप न करताही लढता येतं, एवढंच मला म्हणायचंय. ते बरोबर होतं की चूक यावर आमच्याही घरात आजतागायत एकमत नाही.

कालव्याकाठी | ६ मार्च, पहाटे २.१८

ॲमस्टरडॅमहून थोडंसं. इथे दरवर्षी २५ फेब्रुवारीला एका गोदी कामगाराच्या पुतळ्यापाशी लोक जमतात. अंगाने दणकट माणूस, हात किंचित बाजूला. १९४१च्या फेब्रुवारीत नाझींनी चारशेहून जास्त ज्यू पुरुषांना रस्त्यावर गोळा करून नेलं. दोन दिवसांत शहर बंद पडलं. सुरुवात ट्रामवाले आणि पालिकेच्या कामगारांनी केली, मग गोदी, कारखाने. दुसऱ्या दिवशी बंदुकीने चिरडलं गेलं. त्यांच्यावर सत्ता गाजवणाऱ्यांच्या लढाईत संप करायचा की नाही, असा प्रश्न त्या लोकांना पडलाच नसावा. मी गेल्या आठवड्यातच तिथे गेले होते, पाऊस पडत होता, तरी गर्दी होती.

केळीबाग | ६ मार्च, सकाळी ८.३०

सनावळी यांनी विचारलं की लढाईसाठी सोडलेला हक्क परत मिळतो का. त्याचं उत्तर आमच्या घरात आहे.

वडील रेल्वेत फायरमन, भुसावळला. मे १९७४चा संप, ८ ते २७ मे. देशभरात १७ लाख लोकांचा. संप सुरू व्हायच्या आधीच, २ मेला, जॉर्ज फर्नांडिसांना पकडलं. वडील त्या रात्रीच घरातून गेले. गावाबाहेर ओळखीच्यांची केळीची बाग होती, तिथे ते आणि आणखी चौघं. मे महिन्यातलं भुसावळ ज्यांनी पाहिलंय त्यांना केळीच्या बागेचं महत्त्व कळेल, बाहेर आग ओतत असते आणि आत पानांखाली ओल असते. मी सहा वर्षांची. आई मला पुढे करायची, लहान मुलगी गवत आणायला चाललीय असं वाटावं म्हणून. गवताच्या भाऱ्यात भाकरी आणि लसणाची चटणी. तिथे पाटाच्या पाण्यात पाय सोडून वडील बसलेले असत. दाढी वाढलेली. मला ते ओळखूच आले नव्हते पहिल्या दिवशी.

घरी वॉरंट घेऊन माणसं आली तेव्हा काकांनी कागद वाचला. भारत संरक्षण नियम. काकांनी बागेत जाऊन ते सांगितलं, तर वडील म्हणाले, "कुठली लढाई चालू आहे?"

मोठेपणी मी तारखा शोधल्या. बांगलादेशची लढाई ३ ते १६ डिसेंबर १९७१, तेरा-चौदा दिवस. त्या वेळी जाहीर केलेली आणीबाणी उठली २७ मार्च १९७७ला. लोक १९७५चीच आणीबाणी लक्षात ठेवतात, पण ती आली तेव्हा आधीची बाह्य आक्रमणाची आणीबाणी चालूच होती. म्हणजे १९७४ला माझे वडील कागदोपत्री युद्धकाळात संप करत होते. आणि निवृत्त_फिटर काका, तुम्ही १९६२चा ठराव सांगितलात. चीनशी लढाई महिनाभर झाली, त्या वेळची आणीबाणी १० जानेवारी १९६८पर्यंत उठली नव्हती.

वडील परत कामावर गेले, त्यांना घेतलं. बागेतल्या चौघांपैकी दोघांना कित्येक वर्षं घेतलं नाही.

निवृत्त_फिटर | ६ मार्च, दुपारी ४.४०

केळीबाग, तुमचं दोनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं.

माझं पहिलं म्हणणं मी मागे घेत नाही. दारूगोळा थांबू नये. पण मी अर्धंच लिहिलं होतं, ते आता पुरं करतो. १९७१ला आमच्या वडिलांनी मागण्या बाजूला ठेवल्या, कारण लढाई समोर दिसत होती, खिडक्यांवर काळे कागद होते. ते स्वतःहून होतं. जून २०२१मध्ये संरक्षण उत्पादनात संप करायला बंदी करणारा अध्यादेश आला आणि पुढे त्याचा कायदा झाला. तेव्हा सीमेवर तणाव होता, मान्य. पण कारखान्यांतला वाद होता तो ४१ आयुध निर्माण्यांच्या ७ कंपन्या करण्याचा. त्याच वादावर ऑगस्ट २०१९ला देशभरच्या कामगारांनी संप केला होता, मी निवृत्त असून फाटकावर जाऊन बसलो होतो. कामगाराने स्वतः हात बांधून घेणं आणि दुसऱ्याने बांधणं यात फरक आहे. पहिल्यात तो हात सोडवूनही घेऊ शकतो.

केंटकर, त्या तुरुंगातल्या कराराची गोष्ट मी उद्या आमच्या कट्ट्यावर सांगणार आहे.

ओवी_ग | ६ मार्च, रात्री ९.०५

निवृत्त_फिटर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत.

साळुंकी, तुम्ही लिहिलंत की १९४०ला मागणी पदरात पडली नाही. त्याला एक जोड देते. संप हरला, पण लढाई संपेपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्ता निर्वाहखर्चाच्या निर्देशांकाला बांधला गेलेला होता. निर्देशांक चढला की भत्ता चढणार. आज सरकारी नोकराच्या पगारपत्रकावर जो डीए असतो त्याच्या पूर्वजांत तुमच्या पणजीच्या पातळ आमटीचाही वाटा आहे. चाळीस दिवस लोक उपाशी राहिले नसते तर युद्धाची पुढची वर्षं मालकांनी हा विषय इतक्या गांभीर्याने घेतला असता असं मला वाटत नाही. त्या एका लढाईतून आपल्याला हा भत्ता मिळाला आणि सगळ्यांना लागलेली ती चौदा दिवसांची नोटीसही.

तुमच्या वहीत पुढची वर्षं आहेत का? १९४२चा ऑगस्ट बघाल?

साळुंकी | ७ मार्च, रात्री ११.२०

सगळ्यांचं वाचतेय, दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये. ओवी, तुम्ही विचारलंत म्हणून आज वही पुन्हा काढली.

१९४०चा हिशेब आधी. संपातली उधारी लोकांनी हप्त्याहप्त्याने फेडलेली दिसते, मे ते दिवाळी. आठ आणे, रुपया, एकदा नुसते दोन आणे. फिटली की आजोबांनी पानावर आडवी रेघ मारलीय. २९ पानांपैकी २७ पानांवर रेघ आहे. उरलेल्या दोघांची पानं तिथेच संपतात, पुढे काही नाही. पणजीने ती फाडली नाहीत.

१९४२च्या ऑगस्टमध्ये काही नावांपुढे "बंद" असं लिहिलंय, सहा दिवस, आठ दिवस. सगळ्यांपुढे नाही. सेवादलवाला आणि तिसरी_पाळी, तुमच्या दोन्ही घरांची माणसं माझ्या पणजीकडे शेजारी शेजारी बसून जेवत असणार असं वाटतं, निदान या पानांवर तरी ती शेजारी आहेत.

आणि मे १९४३पासून वही बदलते. मुंबईत रेशनिंग सुरू झालं ते तेव्हा. गड्याच्या नावाखाली आजवर गाव असायचं, तिथे आता रेशनकार्डाचा नंबर आहे. खाणावळीत जेवायचं तर कार्ड पणजीकडे जमा करावं लागत असणार. गावं एकदम नाहीशी झालीत. फक्त एका पानावर नंबर खोडून आजोबांनी पुन्हा "तांबवे" लिहिलंय. का ते आता कुणाला विचारू?

कुणाच्या घरी १९४० ते ४५मधलं गिरणीचं पगारपत्रक किंवा तिकीट असेल तर कृपया फोटो टाका. भत्त्याचा रकाना नेमका कुठल्या महिन्यात उगवला ते मला बघायचंय. वहीची पानं मी रविवारी स्कॅन करून इथेच देते, त्या दोन पानांसकट.